घरभर गाणं

शुक्रवार, २२ एप्रिल १९८८, जळगाव

आज रतिलालने माझा रेडिओ स्वयंपाकघरातून उचलला आणि मंदाच्या खोलीत नेऊन ठेवला.

रतिलाल. पुन्हा लिहिते, रतिलाल. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, घ्यायचंच तर उखाण्यात. तोंडाने मी 'अहो' म्हणते, म्हणत राहीन. पण ही डायरी कुठल्याशा कंपनीकडून आमच्या रेडिओच्या दुकानात आली आणि धोब्याच्या कपड्यांचा हिशेब मांडायला त्याने ती माझ्यापुढे टाकली, म्हणजे ही माझी. इथे मी त्याला अरे-तुरे करणार.

तो रेडिओ बाजारातून आलेला नव्हता. माझे सासरे पितांबरनाना यांनी मला रेडिओ दुरुस्तीचं काम शिकवलं. तारा जोडताना कथिलाचा डाग द्यावा लागतो, तो देताना रतिलालचा हात थरथरतो. म्हणून नाना त्याला दुकानात गिऱ्हाइकापुढे बसवायचे आणि बिघडलेले सेट घरी माझ्याकडे पाठवायचे. टाकाऊ भागांतून मी माझ्यापुरता एक रेडिओ जोडला. नाना गेले त्या सकाळी तो चालू होता.

मंदा म्हणजे रतिलालची दुसरी बायको. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावर बोदवडकडच्या खेड्यातून आणली. देवळात माळा घातल्या, झालं. मी तेव्हा खापरावर मांडे टाकत होते. समाजात सांगितलं गेलं की द्वारकाबाईनेच, म्हणजे मीच, पदर पसरला, घराला वारस पाहिजे म्हणून. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मला मूल झालं नाही. धुळ्याच्या डॉक्टरकडे आम्हा दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या. निकाल आणायला रतिलाल एकटाच गेला. परत आला तो जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सकाळी म्हणाला, "दोष तुझ्यात आहे. यापुढे घरात डॉक्टरचं नाव काढायचं नाही." तेव्हापासून त्याच्या विधवा बहिणीने, बेबाबाईंनी, मला गल्लीतल्या डोहाळजेवणाला जाऊ दिलं नाही. म्हणे नजर लागते.

नवरा गेला तर गेला. पण रेडिओ? याचा सूड मी घेणार.

मंगळवार, ३ मे

ठरलं. घरातल्या प्रत्येक खोलीत गाणं पोचवणार, आणि त्याची कळ माझ्या हातात ठेवणार. ज्याला ऐकायचं त्याने माझ्यापुढे यायचं. एक रेडिओ नेलात, आता घरभर माझाच आवाज सोसा.

सामान जवळजवळ सगळं घरातच आहे. वरातीत जळून आलेला अॅम्प्लिफायर माळ्यावर पडलाय, त्याचं काय गेलंय ते मला माहीत आहे. मेलेल्या ट्रान्झिस्टरांचे स्पीकर डबाभर आहेत. वायर दुकानातून येईल. पेट्यांना सागवान लागतं, ते परवडणार नाही. पण माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला तर आवाज भरदार घुमतो, हे मी नानांच्या वेळेस करून पाहिलंय. आणि कुंभार आपल्याच गल्लीत.

जेवताना विषय काढला. रतिलाल हसला. "कर, कर. तुझा वेळ जाईल. मंदालाही गाण्याची हौस आहे."

मंदालाही. मी ताटात आमटी वाढली, ती जरा जास्तच गरम होती.

गुरुवार, १९ मे

माठ आले. ओसरी, बैठक, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मंदाची मागची खोली, असे सहा. बेबाबाई उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. म्हणाल्या, "सहा माठ आणले व माय, अन् पाणी एकातही नही. जशी बाई तसे माठ."

मंदा तिथेच धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. मनात हसत असणार.

बेबाबाई, तुमच्याही उशाशी एक माठ येणारच आहे.

रविवार, ५ जून

वाजलं!

अॅम्प्लिफायर कोठीच्या खोलीत ठेवला, ज्वारीच्या कणगीमागे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून सहा कळा बसवल्या, एकेक खोलीची एकेक. सगळे स्पीकर एकामागे एक जोडले तर आवाज मरतो, सगळे सरळ अॅम्प्लिफायरवर घातले तर तो तापून जळतो. दोन-दोनच्या जोड्या करून हिशेब बसवला. वायर तुळयांवरून नेली, खिळ्यांना सुतळीने बांधली. जोडायला लागतो म्हणून माझा रेडिओ मंदाच्या खोलीतून परत आणला, त्यावर आज जळगाव केंद्र लावलं आणि एकेक कळ दाबत गेले. घर एकेका खोलीने जागं होत गेलं. देवघरातला माठ बोलला तेव्हा बेबाबाई आरतीचं ताट घेऊन मागेच सरकल्या.

मंदाची कळ मी सगळ्यात शेवटी दाबली. तिच्यासाठी मी वेगळा बेत केलाय. गाणी लागली की तिची खोली बंद. दुपारी ती आडवी झाली की बाजारभाव. कापूस, केळी, भुईमूग. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, केळीवरच्या रोगासकट.

मंगळवार, २१ जून

हरामखोर पोरगी. आज जेवताना म्हणते, "बाई, कापूस चढला. आमचे आबा यंदा कापूसच लावणार होते." आणि डोळे भरून आले तिचे, आनंदाने. मी तिची झोप मोडायला बाजारभाव लावते आणि हिला त्यात माहेर भेटतं!

उद्यापासून संस्कृत बातम्या.

शुक्रवार, ८ जुलै

पावसामुळे कपडे कोठीत वाळत घातलेत, कुबट वास सुटलाय. तिथेच बसून एक गोष्ट करून पाहिली. नाना सांगायचे, स्पीकर बोलतो तसा ऐकतोही. त्याच्यासमोर बोललं की पडदा हलतो, वायरीतून बारीकसा प्रवाह येतो. उलटा जोडला, की भोंग्याचा कान होतो. मंदाच्या खोलीची वायर सोडवून माझ्याकडे पडून असलेल्या एका टेपरेकॉर्डरच्या माइकच्या जागी जोडली, पुढे अॅम्प्लिफायर, आणि कानाला इअरफोन.

आधी खरखर. मग बांगड्या वाजल्या. मग खाटेची करकर.

आता माझ्याबद्दल ते दोघं काय बोलतात ते मला कळेल. जे ऐकू येईल ते जपून ठेवीन, आणि वेळ आली की तोंडावर फेकीन.

गुरुवार, १४ जुलै

आठवडा झाला, कान लावून बसते आणि मिळत काहीच नाही. रतिलाल येतो, दिवसभराच्या गिऱ्हाइकांना शिव्या देतो, पाय चेपून घेतो. माझं नावही निघत नाही. याचा मला जास्त राग आला.

तो नसला की ती रडते. रडू दे, मीही रडलेय त्याच घरात. आज दुपारी कण्हत होती, "पोट लईच दुखते व माय, कोणाले सांगू." ते ऐकून माझं डाग द्यायचं काम बिघडायला लागलं. शेवटी ओवा-मीठ कढवून गरम पाणी तिच्या दारात नेऊन ठेवलं. तिच्यासाठी नाही, कण्हणं थांबावं म्हणून. ती भांड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग कोपऱ्यातल्या माठाकडे.

बावळट आहे. औषध कुठे आणि बघते कुठे.

शनिवार, ३० जुलै

मंदाचं डोकं फिरलंय असं वाटतं. खोलीत कुणी नसताना बोलते. आणि पुटपुटत नाही, चांगली स्वच्छ बोलते, माठाच्या अगदी जवळ असल्यासारखी. "अक्का, आज भरीत लई चांगलं झालं होतं. बेबाबाईहीनं नाव ठेवलं, पण दोनदा घेतलं, मी पाह्यलं." मी एकटीच कोठीत हसले, आणि मग स्वतःचाच राग आला.

ही अक्का म्हणजे तिची मोठी बहीण असावी. माहेरची आठवण येत असेल. मला ती 'बाई' म्हणते. रोज दुपारी अक्काला काही ना काही सांगते: शाळेत सातवीपर्यंत पहिली यायची, विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज तीच बांधायची, लग्नाआधी तिला सांगितलं होतं की पहिली बायको आजारी असते आणि तिनेच बोलावलंय. "खोटं निंघालं, अक्का. त्या बाई तं धडधाकट हायेत."

त्या बाई म्हणजे मी.

आजपासून दुपारी तिच्या खोलीत थोडी गाणी सोडते. वेड्या माणसाला शांत ठेवलेलं बरं, घरात आपणही राहतो.

गुरुवार, १८ ऑगस्ट

आज जे ऐकलं ते लिहून ठेवते.

मंदा रतिलालला म्हणाली, "चार महिने झाले. एकदा डॉक्टरले दाखवू का आपण? दोघंही जाऊ." त्यावर फाडकन आवाज. त्याने तिच्या तोंडात मारली असणार. "डॉक्टरचं नाव काढलंस तर बोदवडला नेऊन टाकीन!"

बघा कसं असतं. मला या माणसाने एवढ्या दवाखान्यांतून फिरवलं, अंगारे-धुपारे केले, बाया-बापड्यांसमोर तपासून घेतलं. आणि तिला डॉक्टरचं तोंडसुद्धा बघू द्यायचं नाही. तिला त्रास नको! म्हणजे तिच्यावर जीव आहे. मारलं, पण जीव आहे म्हणूनच मारलं. माझ्यावर कधी हातही उचलला नाही, तेवढंही मोल नव्हतं माझं.

संध्याकाळी तिचा गाल सुजलेला होता. मी हळद लावली. जोरात लावली.

रविवार, ११ सप्टेंबर

रतिलालने दुकानावर पाटी लावलीय, "घरभर गाणं! प्रत्येक खोलीत आवाज, माफक दरात. रतिलाल यांची योजना." गिऱ्हाईक घर बघायला आणतो. ओसरीत उभा राहून कळा कुठे, वायर कुठून, सगळं सांगतो, आणि निम्मं चूक सांगतो. आज एकाने विचारलं, इतके स्पीकर एका मशीनवर कसे चालतात? रतिलाल म्हणाला, "ते आमचं सीक्रेट आहे." मी आत भाकऱ्या थापत होते.

आमच्या समाजाचे चुडामण आबाही येऊन गेले. त्यांचा नवा बंगला होतोय. दसऱ्याला चार मंडळी घेऊन येतो, तेव्हा नीट ऐकू, असं म्हणाले. म्हातारा मानाचा आहे. त्याच्या शब्दावर सोयरिकी जुळतात आणि मोडतात. मंदाच्या वेळी देवळात तोच उभा होता.

अॅम्प्लिफायर जाळून टाकावा असं मनात आलं. मग म्हटलं, नाही. माझी वस्तू मी का जाळू?

बुधवार, १२ ऑक्टोबर

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी बेबाबाई रतिलालला सांगत होत्या की पाचोऱ्याला एक स्थळ आहे, मंदाचंही काही दिसत नाही, दिवाळीनंतर तिला माहेरी पोचवून टाकावी. तो "बघू" म्हणाला. तिसरी!

दुपारी मी कोठीत इअरफोन लावला. मंदा नेहमीसारखी बोलायला लागली. "अक्का, मी मायबापाची एकुलती एक. मले बहीण नही, भाऊ नही. म्हणून ज्या दिवशी ओव्याचं पाणी आलं, त्या दिवसापासून तुम्हाले अक्का म्हणते. मी तं कोणाले सांगितलंच नव्हतं पोट दुखते म्हणून. फक्त ह्या माठाले ऐकू गेलं होतं."

मी इअरफोन काढून फेकला. मग पुन्हा उचलला.

"रागावू नका. एकच विचारते. बेबाबाईहीनं धुळ्याच्या तपासणीचं सांगितलं होतं. त्या डॉक्टरचं नाव काढलं की यांचा चेहरा पांढरा पडते. मारतानाही हात थरथरते. निकाल आणाले तुम्हीही गेल्या होत्या का? का एकटेच गेले होते?"

मी उठले आणि सरळ तिच्या खोलीत गेले. माठ बसवल्यापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ती माठाजवळ मांडी घालून बसली होती, जशी काही मी त्यातूनच बाहेर येणार होते.

"एकटाच गेला होता," मी म्हटलं.

भिंतीकडे तोंड करून पडलेला रतिलाल मला दिसला. मी तेव्हा त्याची पाठ चोळत होते, त्याला माझं दुःख झालं म्हणून! वांझ, वांझ म्हणत मी स्वतःलासुद्धा तेच म्हणायला लागले होते.

"मी मारून टाकीन त्याला," मी म्हटलं.

मंदा म्हणाली, "मारलं तं लोक आपल्यालेच नावं ठेवतीन. त्याहीच्या तोंडून वदवाले पाहिजे. अन् लोकाहीनं ऐकलं पाहिजे." मग तिने मला तिची युक्ती सांगितली. विहिरीवरचा फ्यूज बांधणारी पोर ती. ऐकून मी उठून दाराला आतून कडी घातली.

"अगं, पण समाजाचे पुरुष असतील बाहेर. तो तुला काय काय बोलेल. तुझं रडणं ऐकतील सगळे."

"आतापर्यंत एकट्या तुम्हीच ऐकत होत्या," ती म्हणाली. "आता बाकीच्याहीलेही ऐकू द्या."

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

काल दसरा झाला. जसं घडलं तसं लिहिते.

दुपारीच ओसरी भरली. चुडामण आबा पाटावर, बाकीची मंडळी सतरंजीवर, आपट्याची पानं वाटून झालेली. माजघरात गल्लीतल्या बाया. रतिलाल नवा सदरा घालून प्रत्येक खोलीचं वर्णन करत होता. माठांतून सनई चालू होती. मी कोठीत, कळांपाशी.

ठरल्याप्रमाणे मंदाने बेबाबाईंना हाक मारली, चक्कर येते म्हणाली, उलटीचं सोंग केलं. बेबाबाई तशाच धावत ओसरीवर. भावापुढे जाऊन सगळ्यांदेखत म्हणाल्या, "रतिलाल, जाय आत! पाळणा हालणार दिसते आपल्या घरी!" बायांनी तोंडावर पदर घेतले, पुरुष हसले. आबा म्हणाले, "वा! दसऱ्याचं सोनं!"

मी कोठीच्या फटीतून रतिलालचा चेहरा पाहिला. तेवढं एक तोंड बघण्यासाठी मी आणखी दहा माठ वाहिले असते.

तो आत गेला, दार लावलं. मी सनई बंद केली. मंदाची वायर माइकच्या जागी आधीच जोडलेली होती. बाकीच्या सगळ्या कळा दाबल्या. आधी शिट्टी वाजली, कानठळ्या बसवणारी. मी आवाज थोडा उतरवला. मग सहापैकी पाच माठांतून रतिलाल बोलायला लागला.

"कोणाचं आहे?"

"असं काय विचारता? तुमचंच."

"खोटं बोलू नको! माझं असूच शकत नाही. कोण आहे तो? नाव सांग!"

"काहून नही असू शकत? दोष तं अक्कांमध्ये होता."

"तिच्यात काही दोष नव्हता! धुळ्याच्या डॉक्टरने मला तोंडावर सांगितलंय, तुला जन्मात मूल होणार नाही म्हणून. मला! कळलं? आता सांग, कुठे शेण खाल्लंस?"

मग मंदाचा आवाज आला, जरासुद्धा न कापणारा. "मले दिवस नही गेले. तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं. बठ्ठ्याहीनं, साऱ्या लोकाहीनं ऐकलं."

ती रडेल म्हणून मी भीत होते. ती रडली नाही. रडले ती मी, कणगीला टेकून, आणि हसतही होते.

मागच्या बंद खोलीत स्वतःच्याच ओरडण्यापुढे त्याला माठ ऐकू गेले नव्हते; दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याला काही कळलेलं नव्हतं. "काही नाही, पित्त झालंय तिला," असं तो ओसरीवर म्हणाला. एकेकजण चपला शोधायला लागला. मग त्याची नजर माठाकडे गेली.

"यंत्रात बिघाड आहे," तो म्हणाला. "कुठलं तरी नाटक लागलं असेल केंद्रावर."

चुडामण आबा उठले. "नाटकातल्या माणसाचं नावगाव वेगळं असतं, रतिलाल. तू मला सांगितलं होतंस, द्वारकाने पदर पसरला. मी त्या शब्दावर देवळात उभा राहिलो." मग म्हातारा चालत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. मी तोवर कोठीतून बाहेर आले होते. त्याने आपट्याची पानं माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला नाही. "ओट्यावर ठेवा," म्हटलं. सगळी माझ्या बाजूला यायला लागली होती, पण मला इतकी लवकर कुणाचीच बाजू नको होती.

लोक गेल्यावर रतिलालने काठीने माठ फोडले. देवघरातला, ओसरीतला, सगळे. मी उभी राहून बघत होते. फोडू दे. कुंभार गल्लीतच आहे.

रविवार, २३ ऑक्टोबर

बेबाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आज चुलीपाशी येऊन बसल्या, परातीतलं पीठ ओढून मळायला लागल्या. "मले माहीत नव्हतं व, द्वारका. देवाशपथ. मी तुले काय काय बोलली."

'जाऊ द्या' असं म्हणायचं असतं, मला येतं ते म्हणायला. म्हटलं नाही. त्या आणखी बोलल्या, मग रडल्या. मी भाजी फोडणीला टाकली.

एक विचार येतो आणि मी तो दाबते. नानांना माहीत होतं का? मुलाच्या हातून जे होत नव्हतं त्याची भरपाई म्हणून मला काम शिकवलं का त्यांनी? नसेल. नसावं.

उद्या मी जाते. धुळ्याला, देवपुरात माझी मामी असते. अॅम्प्लिफायर, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, कैची-पक्कड आणि रेडिओ बांधून ठेवलाय. मंदालाही नेते. तिच्यावर प्रेम वगैरे नाही. रतिलालला दोन्ही बायका एकाच दिवशी, एकाच एस.टी.ने गेलेल्या दिसाव्यात, म्हणून नेते.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी १९८९, देवपूर, धुळे

खूप दिवसांनी लिहिते. वेळच नव्हता.

मामीने पहिल्याच दिवशी म्हटलं, "बठ्ठं सामान आठेच ठेव वं माय, घर तुनंच शे," सगळं इथेच ठेव, घर तुझंच म्हणून, आणि रस्त्याकडची खोली दिली. तिथे रेडिओ-टेप दुरुस्तीचं काम टाकलं. बाई दुरुस्ती करते म्हणून आधी लोक बघायला आले, मग बिघडलेले सेट घेऊन आले. मंदाचा बाप बोदवडहून तिला न्यायला आला होता. ती म्हणाली, "मी इथी काम शिकते, आबा." तिचा हात चांगला आहे, थरथरत नाही. डाग जरा जाड देते, त्यावरून मी बोलते तिला. तिने खोकून खोकून घर डोक्यावर घेतलं तेव्हा मी आठवडाभर रात्री उठून काढा दिला. कामाला माणूस हवं ना.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचं घर आम्ही दोघींनी जोडून दिलं, चार खोल्या. माठ वापरले. त्यांच्या बायकोने आम्हाला आतल्या खोलीत बसवून चहा दिला.

आज रतिलाल आला.

बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं होती. तो दारात उभा राहिला, वाळलाय जरा. मी मान वर करून म्हटलं, "नंबराने बसा." बसला. त्याच्या आधी एका शाळामास्तरांचा टेप होता, तो मी सावकाश उघडला. एरवी करते त्याहून बराच सावकाश. मंदाने त्याला पाणी नेऊन दिलं, मला ते आवडलं नाही, पण तिने पेला पत्र्याचा दिला होता, आम्ही धोब्याला पाणी देतो तसला.

त्याचा नंबर आला तेव्हा तो हळू आवाजात बोलायला लागला. जळगावला स्टेशनजवळच्या एका लॉजचं काम घेतलंय. सगळ्या खोल्यांतून वायर टाकली, पण सुरू केलं की मशीन जळतं. तीनदा जळालं. मालक भांडतोय, दुकानावर येऊन बोलतो. "एकदा येऊन बघ. किंवा नुसतं सांग, जोडणी कशी करायची ते."

"जरा मोठ्याने बोला," मी म्हटलं. "ऐकू येत नाही."

मास्तर अजून बाकड्यावरच होते. रतिलालने त्यांच्याकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला, "ते काम मला जमत नाही. ते तूच केलं होतंस."

"अजून काय?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझ्यात दोष नव्हता."

हे मी मागितलं नव्हतं. मला वाटलं होतं हे ऐकलं की आत काहीतरी निवेल. निवलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला ती भिंतीकडे केलेली पाठ दिसत राहिली.

"जोडणी कशी करायची ते सांगतेस का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो पुलाच्या दिशेने निघून गेला. मंदा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "अक्का, सांगितलं असतं तं काय बिघडलं असतं? बिचारा लॉजवाला."

"लॉजवाल्याचा पत्ता काढ," मी म्हटलं. "सोमवारी आपण दोघी जाऊन जोडून देऊ. पाटी आपली लावू."

म्हणतात सुडाने पोट भरत नाही. खोटं आहे. आज मला भूकच नव्हती. पण मंदाने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता, आणि मी पहिला घास घेईपर्यंत ती ताटावर बसत नाही, म्हणून जेवले.